लोकरीचं निवडणं-टिपणं: मिलला देण्याआधी काय करायचं आणि का

आषाढात तुकोबांची पालखी काटेवाडीला पोचली की मेंढ्यांच्या रिंगणाचे व्हिडिओ घरोघरच्या फोनवर फिरायला लागतात. पालखीभोवती धावणारा तो कळप बघून पुण्यातली मंडळी दोन प्रश्न हमखास विचारतात. या लोकरीचं पुढे काय होतं? आणि बऱ्याच ठिकाणी ती टाकून देतात म्हणे, मग कुणी छोटीशी मिल का काढत नाही?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात असं: कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीच्या पैशातून निघत नाही, म्हणून बरीचशी लोकर बांधावर किंवा उकिरड्यावर जाते. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे. यंत्रं विकत मिळतात, शेड भाड्याने मिळते. त्या यंत्रात घालण्याजोगी लोकर मात्र आयती मिळत नाही, ती तयार करावी लागते. आणि ती तयार होते वाड्यावर, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावर, ताडपत्रीवर, मेंढी कातरत असताना. तिथे जे हुकलं ते पुढे सुधारता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे नीट पाहू.

मेंढीच्या अंगावर नक्की काय असतं?

कातरलेल्या कच्च्या लोकरीत तंतू हा फक्त एक भाग. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो; आपले केस आणि नखंही त्याचीच. तंतूवर त्वचेतून आलेलं मेण असतं. ते शुद्ध केलं की त्याला लॅनोलिन म्हणतात, आणि ते ओठांच्या मलमात, क्रीममध्ये वापरतात. मग वाळलेल्या घामाचे क्षार, मुख्यतः पोटॅशियमचे. ते साध्या गार पाण्यात विरघळतात. आणि त्यावर माती, लेंड्या, कुसळं, सराटे, आघाड्याचं बी, रानात जे जे चिकटतं ते सगळं.

याचं प्रमाण जातीप्रमाणे बदलतं. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीत मेण भरपूर असतं, शंभर किलो कच्च्या लोकरीतून धुतल्यावर साठ-सत्तर किलो हाती लागते. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत मेण बरंच कमी, माती आणि काडीकचरा जास्त. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून लोकर धुवायला बसलेले हौशी लोक मेणाच्या मागे लागतात, तेव्हा त्यांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होत असते. आपल्याकडे खरी डोकेदुखी कुसळाची आहे.

दुसरा फरक वजनाचा. ऑस्ट्रेलियात एका मेंढीची वर्षाची लोकर चार किलो किंवा त्याहून जास्त भरते. दख्खनी मेंढीची वर्षातून दोनदा कातरून अर्धा-पाऊण किलो. म्हणजे एका कातरणीला मूठ-दोन मुठी. शिवाय मेरिनोची लोकर दाट आणि कुरळी असल्यामुळे अंगावरून एकसंध उतरते. ती मोठ्या टेबलावर पसरायची आणि कडेकडेचा खराब भाग फाडून काढायचा, अशी तिकडची रीत. आपली लोकर विरळ आणि केसाळ. ती झुपक्याझुपक्याने उतरते, आणि एकदा ताडपत्रीवर मिसळली की पोटाची कुठली आणि पाठीची कुठली हे कुणालाच सांगता येत नाही. तिकडची टेबलाची रीत इथे लागू पडत नाही, ती यामुळे. निवड कातरतानाच व्हायला हवी.

छोट्या मिलला काय जमतं आणि काय जमत नाही

छोटी मिल म्हणजे एका वेळी काही किलोंची बॅच घेणारी शेड. धुण्याची टाकी, लोकर सुटी करणारं यंत्र, कार्डिंग मशीन आणि सूतकताईचं यंत्र. यातलं कार्डिंग म्हणजे पिंजण. बारीक वाकड्या तारांचे दात बसवलेले अनेक रूळ एकमेकांच्या अगदी जवळून वेगवेगळ्या गतीने फिरतात, तंतू विंचरून सुटे करतात आणि शेवटी त्याचा पेळू, म्हणजे सुत काढण्याजोगी सैल वळी, बाहेर पडतो.

रुळांमधलं अंतर कागदाच्या जाडीच्या हिशोबातलं असतं. तिथे खडा किंवा सराट्याचा काटा गेला तर दात वाकतात, आणि दातांचं ते आवरण महाग असतं. कुसळ काही दात मोडत नाही, पण त्याचे तुकडे होतात आणि ते तुकडे सुतात गुंडाळले जातात. पुढे त्या सुताचं कापड अंगाला लागलं की जे टोचतं, ते अनेकदा लोकर नसून गवत असतं.

मोठ्या कारखान्यांकडे यावर उपाय आहे. लोकर सौम्य गंधकाम्लातून काढून तापवली की वनस्पतीचा अंश जळून ठिसूळ होतो, मग तो चुरून झटकून टाकतात. प्रथिनाचा तंतू ते सोसतो. पण आम्ल हाताळणं, सांडपाणी निर्मळ करणं, त्याचे परवाने, हे पाच-दहा किलोंच्या बॅचच्या मिलला परवडण्यातलं नाही. छोट्या मिलचं नातं आपल्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी आहे. दळण निवडून न्यायचं ते घरून. गहू खड्यांसकट डब्यात घालून नेले तर गिरणीवाला खडे वेचत बसत नाही, पीठ कचकच लागतं आणि जात्याचा दगड खराब झाला म्हणून तो आपल्यावरच खेकसतो.

ताडपत्रीवरचा पहिला तास

मेंढी ओली असताना कातरायची नाही, ही पहिली अट. पावसात भिजलेली लोकर कातरून दाबून भरली की आत गरम होते, पिवळी पडते, बुरशी धरते. कातरणीच्या आधी मेंढरं ओढ्यात किंवा नदीत धुऊन काढायची जुनी पद्धत उत्तम आहे. माती आणि घामाचे क्षार बरेचसे तिथेच जातात, फक्त नंतर अंग पूर्ण वाळेपर्यंत, एखाद-दुसरा दिवस, थांबायला हवं आणि त्या काळात कळप धुळीच्या वाटेने न्यायचा नाही. पाण्याची टंचाई असलेल्या तालुक्यांत हे सांगायला सोपं आणि करायला कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

जागा झाडून घ्यायची, ताडपत्री अंथरायची आणि दर चार-पाच मेंढ्यांनंतर ती झटकायची. पोटाची, पायांची, शेपटीकडची लोकर आधी कातरून वेगळ्या ढिगात टाकायची. तिथेच लेंड्या, मूत आणि माती सगळ्यात जास्त. मग पाठ आणि दोन्ही बगला. हा खरा माल. मानेवरच्या लोकरीत चरताना काडीकचरा अडकतो, म्हणून ती हातात घेऊन बघायची आणि बरी असेल तरच पाठीच्या ढिगात घालायची.

कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, स्वतंत्र ठेवायची. ती मऊ असते आणि तिची घोंगडी पूर्वीपासून भारी मोलाची. ती मोठ्या मेंढ्यांच्या लोकरीत मिसळणं म्हणजे निव्वळ नुकसान. रंगही वेगळे: काळी, करडी, पांढरी. काळ्या लोकरीत चार पांढरे झुपके गेले तर चालून जातं, पांढरीत काळे गेले तर रंगवायचा विषय संपला.

आता कातर. हात स्थिर असलेला कातरणारा एकाच घावात कातडीलगत कापतो. घाईत कातर वर बसते, मग राहिलेली खुंटं दिसतात आणि तो पुन्हा फिरवतो. दुसऱ्या घावात जे पडतं ते बोटाच्या पेराएवढंही नसतं. असे आखूड तुकडे कार्डिंगमध्ये सरळ होत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात आणि सुतात गाठीगाठी दिसतात. मूळचे लांब तंतू त्याच तुकड्यांएवढे कमी लांबीचे होतात, हे वेगळंच. बहुतेक छोट्या मिलना साधारण तीन ते पाच इंच लांबीचा तंतू सोयीचा पडतो. आपण वर्षातून दोनदा कातरतो, त्यामुळे लांबी आधीच काठावर असते. त्यात दुहेरी घाव म्हणजे माल गेलाच. म्हणूनच मजुरी मेंढीमागे ठरवण्यात धोका आहे. वेगाचे पैसे दिले की वेगच मिळतो. घोंगडीऐवजी मिलच्या सुताचा विचार असेल, तर कातरणाऱ्याशी बोलून दर जरा वाढवून द्यावा आणि एकाच घावाची अट घालावी. माझ्या मते या सगळ्या साखळीत एवढा स्वस्त दुसरा उपाय नाही.

तंतूची ताकदही तिथल्या तिथे कळते. पेन्सिलीच्या जाडीचा झुपका दोन्ही टोकांना धरून कानाजवळ न्यायचा आणि झटका द्यायचा. टणत्कार आला तर ठीक. कुरकुर ऐकू आली किंवा मधूनच तुटला, तर ती मेंढी मधे आजारी पडली होती किंवा दुष्काळात उपाशी राहिली होती. त्या काळात वाढलेला तंतूचा भाग बारीक आणि दुबळा राहतो. ती लोकर यंत्रात तुटून आखूडच होणार. तिला नमद्यासाठी (लोकर न विणता दाबून घट्ट केलेलं जाड कापड) किंवा गादीसाठी बाजूला काढावी.

“धुतल्यावर निघेल की सगळं!”

नाही निघत. घाम आणि माती निघते, मेण निघतं. कुसळ निघत नाही, उलट भिजल्यावर आणखी रुतून बसतं. कळपाची खूण म्हणून मेंढीला लावलेला ऑइलपेंट आणि डांबर निघत नाही. भंडाराही पूर्ण निघत नाही, कारण हळद हा लोकरीवर चढणारा रंगच आहे. पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते, तिथे तो पिवळा रंग हवाच असतो. मिलला द्यायच्या पांढऱ्या लोकरीत तो नको. खूण करायचीच तर ती डोक्यावर किंवा पायावर करावी, पाठीवर नको.

धुण्याची पद्धत तशी साधी आहे, पण तिच्यात दोन खाचा आहेत. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम साबणाचं पाणी, घुसळण आणि तापमानातला अचानक फरक एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट गोळा होते. नमदा याच गुणावर बनतो, पण धुताना तो झाला की कार्डिंगला काही उरत नाही. त्यामुळे लोकर ढवळायची नाही, पिळायची नाही, तिच्यावर नळाची धार सोडायची नाही. दुसरी खाच मेणाची: ते साधारण चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. पाणी टबात निवत ठेवलं तर सुटलेलं मेण परत तंतूवर बसतं.

म्हणून आधी रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवावी, किलोला वीसेक लिटर पाणी. सकाळी ते चहाच्या रंगाचं पाणी झाडांना घालता येतं, त्यात पोटॅशियम असतं आणि साबण अजून आलेला नसतो. मग पन्नास-साठ अंशांच्या पाण्यात साबण किंवा रिठ्याचा काढा घालून त्यात लोकर नुसती दाबून बुडवायची, पंधरा-वीस मिनिटांनी पाणी कोमट व्हायच्या आत उचलायची, आणि तेवढ्याच गरम स्वच्छ पाण्यातून दोनदा काढायची. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका लोकरीवर बसतो. रिठ्याला ती अडचण येत नाही. धुण्याचा सोडा जपून, ब्लीच अजिबात नाही. आणि डाग घालवणाऱ्या एंझाइमवाल्या पावडरी तर नकोतच. त्यातली काही एंझाइमं प्रथिनाचे डाग खातात, आणि लोकर प्रथिनच आहे.

अर्धवट धुणं हे न धुण्यापेक्षा वाईट. राहिलेलं मेण काही महिन्यांत चिकट होतं आणि कार्डिंगच्या दातांत माती-तंतूंचा लगदा बसतो. मिल स्वतः धुऊन घेत असेल तर आपण फक्त निवडून, झटकून, कोरडी लोकर द्यावी.

वाळवायची सावलीत, जाळीवर, पातळ पसरून. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हा भाग रडवतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत दमटपणा शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे ‘वाळली’ म्हणून पोत्यात भरलेली लोकर प्रत्यक्षात वाळलेली नसते. एप्रिलमध्ये उलटं, हवा इतकी कोरडी की कार्डिंग करताना स्थिर विजेने तंतू उभे राहतात, तिथे पाण्याचा हलका फवारा मारावा लागतो.

गोणीचा घोटाळा

खताची किंवा सिमेंटची रिकामी पांढरी गोणी सगळीकडे फुकट मिळते, म्हणून लोकर तिच्यातच भरली जाते. ती पॉलिप्रॉपिलीनची असते, तिच्या कडा उसवतात आणि तो धागा लोकरीत मिसळतो. कार्डिंग त्याचे शेकडो बारीक तुकडे करतं. पांढऱ्या लोकरीत ते दिसत नाहीत. कापड रंगवल्यावर दिसतात, कारण लोकरीचा रंग त्यांच्यावर चढत नाही. ऑस्ट्रेलियाने लोकरीच्या गाठींसाठी आधी ताग, मग प्लास्टिक आणि शेवटी नायलॉनची पोती ठरवली, ती याच मिसळणीच्या त्रासापायी. आपल्याकडे काठ शिवलेल्या सुती चादरीचं गाठोडं पुरतं. सुतळीने बांधू नये, चादरीच्याच टोकांची गाठ मारावी. आणि फार दिवस ठेवू नये, कसर लागते. मधे पाला घालून ठेवण्यापेक्षा महिन्याला उन्हात पसरून झटकणं बरं.

“एवढं केल्यावर स्वेटर होईल ना?”

अंगाला लागून घालायचा, नाही. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतू तीस मायक्रॉनच्या वर गेला की त्याचं टोक त्वचेवर वाकत नाही, टोचतं. मेरिनो वीसच्या आसपास असते. दख्खनी लोकर तीसच्या बरीच वर, आणि तिच्यात आतून पोकळ, ताठ, रंग नीट न धरणारे केसही असतात. कितीही निवडली तरी जाडी बदलत नाही. ठाण्याच्या वूल रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेकडून नमुना तपासून घेतला तर आपला आकडा कळतो, आणि आधी आकडा बघून मग वस्तू ठरवणं शहाणपणाचं. जाजम, आसन, पिशवी, जॅकेटचं बाहेरचं कापड, नमदा, उष्णतारोधक अस्तर, हे सगळं जाड लोकरीचं क्षेत्र आहे. भीमथडी जत्रेत घोंगडी हातात घेऊन ‘टोचते हो’ म्हणणारे ग्राहक तिच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवतात. घोंगडी पाऊस, थंडी आणि काटेकुटे अंगाबाहेर ठेवण्यासाठी आहे, म्हणून तर तिला चिंचोक्याची खळ देतात.

मग जातच का सुधारली नाही? कारण मेंढपाळाचा पैसा मटणातून आणि लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवण्यातून येतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली ती जुळ्या कोकरांसाठी, लोकरीसाठी नव्हे. आणि मेंढपाळाच्या बाजूने पाहिलं तर ते बरोबरच आहे.

“रोगराईचं काय?”

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला लोकर निवडणारे कामगार एका गूढ आजाराने मरत. तो काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, होता. त्याचे जिवाणू बीजरूपाने लोकरीत आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून मेलेल्या मेंढीची लोकर कधीही घ्यायची नाही, निवडताना तोंडाला मास्क लावायचा, हाताला जखम असेल तर हातमोजे घालायचे. गोचिडांचं औषध फवारल्यावर लगेच कातरलेली लोकरही बाजूला ठेवावी.

परवडतं का?

शंभर मेंढ्या धरा. वर्षाची कच्ची लोकर पन्नास किलो. पोट-पाय-शेपटी काढून चाळीस. धुऊन वाळवून तीस. कार्डिंगमध्ये गळती जाऊन पंचवीस. दोन-अडीच किलोची घोंगडी धरली तर दहा-बारा घोंगड्या. अनेक छोट्या मिल दर लावतात तो आत येणाऱ्या मालाच्या वजनावर. म्हणजे न निवडता-धुता पन्नास किलो पाठवणारा त्यातल्या वीस किलो पोटापायाच्या लोकरीचे, मातीचे आणि लेंड्यांचेही पैसे देतो, शिवाय भाडं वेगळं.

पण निवडायला माणसं लागतात, आणि वाड्यावर हे काम बायकांच्या वाट्याला येतं. स्वयंपाक, पाणी, कोकरं सांभाळून. त्या तासांची मजुरी हिशोबात न धरता ‘परवडतं’ म्हणणारे प्रकल्प अहवाल मला पटत नाहीत. मिल लोकर किलोवर विकत घेत असेल, तर निवडलेल्या आणि न निवडलेल्या मालाच्या दरात निवडीची मजुरी सुटेल एवढा फरक हवा. तो नसेल तर कुणी का निवडावं? गोखलेनगरला ज्याचं मुख्यालय आहे त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाने, किंवा मिल काढू पाहणाऱ्या शहरी मंडळींनी, यंत्रांच्या आधी हा दर ठरवावा.

बाजूला काढलेली पोटाची लोकर फुकट जात नाही. लोकरीत नत्र भरपूर असतं आणि ते सावकाश सुटतं. फळझाडाच्या आळ्यात अंथरून वर माती टाकली की ओल धरते आणि हळूहळू खत होते.

आणि गाठोडं मिलला पाठवताना आत चिठ्ठी घालावी: गाव, कातरल्याचा महिना, मेंढी की जावळ, रंग, धुतलेली की कच्ची, वजन, आणि काय बनवून हवं आहे. एवढं न विचारता लोकर ठेवून घेणारी मिल तुमची लोकर दुसऱ्याच्या लोकरीत मिसळणार हे धरून चालावं.